माठातला आवाज

उन्हाळा लागला की आमच्याकडं कुंभाराकडून नवा माठ यायचा. १९७६ सालचा माठ आठ दिवससुद्धा पाण्याला लागला नाही, कारण तो मी पळवला. आठवीची परीक्षा नुकतीच झालेली. ग्रामपंचायतीच्या मोडक्या रेडिओतला एक गोल स्पीकर शिपायानं मला दिला होता. दिला म्हणजे काय, मी मागून मागून त्याचा जीव खाल्ला होता. तो स्पीकर आभाळाकडं तोंड करून मी माठाच्या तोंडावर बसवला, कडेनं आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, आणि ट्रान्झिस्टरला कानात घालायच्या नळीसाठी जे भोक असतं त्यात वायर खुपसली.

दिवेलागणीची वेळ होती. सांगली केंद्रावर कीर्तन चाललं होतं. ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या स्पीकरातून बुवा सर्दी झाल्यासारखे नाकात बोलायचे. माठातून त्यांची छाती ऐकू आली. मृदंगाची धुम तर आमच्या घरात पहिल्यांदाच वाजली. तोवर आम्हाला मृदंगाची नुसती चाटीच ऐकू यायची.

आई चुलीपुढून उठून आली ती माठ शोधतच. “कुठं ठिवलास रं माझा माठ?” म्हणाली आणि सोप्याच्या दारात थांबली. हातात फुकणी होती. मला वाटलं, आता पाठीत बसणार. ती जरा वेळ ऐकत राहिली नि म्हणाली, “आत्ता गं बया! बुवा आपल्या सोप्यात येऊन बसल्यावानी वाटतंय.” मग भानावर येऊन म्हणाली, “उद्या कुंभाराकडं जायचं आन् दुसरा माठ आणायचा. तुझा तू. पैसं मागायचं न्हाईत.”

पुढं मी जो धंदा केला तो आईच्या त्या पहिल्या वाक्यावर केला. दुसऱ्या वाक्याचं सांगायचं तर, माठाच्या बदल्यात कुंभाराच्या गाढवांमागं चार दिवस माती वाहिली.

माझं गाव माण नदीच्या काठचं, सांगोल्याच्या पश्चिमेला. नदीकाठचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पाणी येतं. आमच्या नदीत बारा महिन्यांतले दहा महिने वाळू असते. जमीन होती, पण ती पावसावर. म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, परळच्या गिरणीत साच्यावर कामाला होते. १९७० च्या जत्रेला ते आले ते मर्फीचा ट्रान्झिस्टर घेऊन. चामड्याचं कव्हर, पुढं जाळी, आणि कागदावर तोंडात बोट धरलेलं मर्फीचं बाळ. तो कागद चुलतीनं देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता. बरीच वर्षं मला ते बाळ म्हणजे एखादा देवच वाटायचा.

रेडिओला परवाना लागायचा. पोस्टातून त्याचं छोटं पुस्तक मिळायचं, त्यात वर्षाच्या वर्षाला तिकिटं लावून घ्यायची. तात्या सुट्टीला आले की ते पुस्तक सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं बाहेर काढून बघायचे. रेडिओ फडताळात, त्याच्यावर चुलतीनं विणलेला रुमाल. हात लावायचा मान फक्त आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. सकाळी सातच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, आणि बंद. बुधवारी रात्री आठला सिलोनवर अमीन सायानी बोलायचे तेव्हा आण्णा झोपलेले असायचे. तेवढीच आमची चंगळ. शॉर्ट वेव्हचा आवाज झोक्यासारखा जवळ यायचा, लांब जायचा. कान रेडिओला लावून लावून माझा कान जाळीच्या नक्षीचा व्हायचा.

१९७२ च्या दुष्काळात घरातली मोठी माणसं खडी फोडायला गेली. सेल आणायला पैसे कुठले? आम्ही उतरलेले सेल दुपारच्या उन्हात पत्र्यावर मांडायचो. तापले की पंधरा-वीस मिनिटं चालायचे. तेवढ्यात आण्णा बातम्या ऐकून घ्यायचे. पाऊस कुठं पडला हेच त्यांना ऐकायचं असायचं. सेल विझत चालले की निवेदकाचा आवाज बारीक, खरखरीत होत होत बुडायचा. आण्णा तरी कान लावून बसायचे. मला मात्र प्रश्न पडायचा की सेल संपताना आवाज नुसता लहान का होत नाही, फाटतो का? घरात याचं उत्तर कुणाला येत नव्हतं. मग मी रेडिओच उघडला.

उघडला आणि सुईची दोरी तुटली. चक्रांवरून, पुलींवरून फिरवलेली बारीक दोरी असते. बटण फिरवलं की तीच आतला गँगही फिरवते आणि सुईही ओढते. मी गोधडी शिवायचा दोरा घेऊन ती पुन्हा बांधली, पण गुंडाळायची बाजू चुकली. बटण फिरायचं, केंद्रं लागायची, सुई मात्र उलटी धावायची. आण्णांनी मारलं ते मारलंच, पण पुढं कितीतरी वर्षं पाव्हण्यारावळ्यांना ते सांगायचे, “आमचा रेडिओ उलट्या डोक्याचा हाय, पोराच्या वळणावर गेलाय.”

१९७८ ला दहावी झालो. आण्णांचं म्हणणं डी.एड. करून मास्तर हो, नाहीतर भरतीला पळ. मी पंढरपूरला गेलो आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला लागलो. दुकान चाचांचं. आठ फूट बाय दहा, वरती पत्रा, आत भिंतभर उघडे रेडिओ. व्हॉल्व्हचे जुने सेट, ट्रान्झिस्टर, रेकॉर्ड प्लेअर, नुकतेच यायला लागलेले कॅसेटचे टेप. आण्णा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आईनं स्वतःची दोन शेरडं विकून मला मल्टिमीटर घेऊन दिला. आण्णांना सांगितलं, लांडग्यानं नेली.

चाचा पहिले सहा महिने सोल्डरिंगचं शिंगटसुद्धा हातात देत नव्हते. त्यांचा एकच मंत्र: “पयले कान, मग हात.” सेट आला की उघडायचा नाही. लावायचा, डोळे मिटायचे, ऐकायचं. काहीच वाजत नाही म्हणजे एक रोग. नुसतं “हंऽऽ” येतंय म्हणजे फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय. बटण फिरवताना खरखरतंय म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलला सीटीसी सोडायचं. धक्का दिला की वाजतंय, पुन्हा गप, म्हणजे कुठंतरी ड्राय सोल्डर. बाहेरून टाका चकचकीत दिसतो, आत पाय सुटलेला असतो. काहीच समजेना तर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला बोट लावायचं. “भुर्रर्र” झालं की तिथून पुढचं सगळं जिवंत आहे, रोग मागं शोधायचा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये मात्र बोटं घालायची नाहीत. आत अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो, बंद केल्यावरही कंडेन्सरात राहतो. एकदा मी फेकला गेलो तो रस्त्यावर. चाचा म्हणाले, “आता लक्षात राहील.”

सेल उतरताना आवाज फाटतो का, हे तिथं कळलं. स्पीकरचा कागद जेवढा पुढं-मागं हलायला हवा, तेवढी जागा उतरलेला सेल ट्रान्झिस्टरला देत नाही. लाटेचं डोकं नि पाय दोन्ही छाटले जातात. आणि माठाचं कोडंही सुटलं. उघड्या स्पीकरचा कागद पुढं ढकलतो त्याच क्षणी मागं ओढतो. पुढची हवा आणि मागची हवा कडेनं एकमेकींना भेटतात आणि जाड आवाज तिथंच मिटतो. बारीक आवाजाला हे जमत नाही, म्हणून तो शिल्लक राहतो आणि बुवा नाकात बोलतात. माठ मागची हवा कोंडून धरतो. चाचांना माठाची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले आणि त्या दिवसापासून त्यांनी मला शिंगट धरू दिलं.

आता जे सांगायचं ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८१ ची कार्तिकी जवळ आली होती. मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी टेप घेऊन आला. मोठा, पत्र्याच्या जाळीचा, जावयानं आखातातून आणलेला. तक्रार एवढीच की आवाज बारीक येतो नि रेकॉर्डिंग होत नाही. चाचा नमाजाला गेले होते. मी हेड बघितला, पार झिजलेला. नवा बसवला, स्क्रू जुळवला. आता रेकॉर्डिंग तपासायचं. दुकानातली तपासणीची कॅसेट कुणीतरी नेलेली. टेपमध्ये एक कॅसेट होतीच. मी ती मागं गुंडाळली, लाल आणि काळं बटण जोडीनं दाबलं आणि “हॅलो, हॅलो, टेस्टिंग, एक दोन तीन” सुरू केलं. उत्साह एवढा की थांबलोच नाही. स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, शिट्टी वाजवली. मग टेप तसाच चालू ठेवून दुसरं काम हातात घेतलं. चाचा आले, चहा आला, मग मी बटण दाबून बंद केलं. मागं घेऊन ऐकलं. छान आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाव्हणा आला. म्हणाला, “वाजवून दावा की.” मी वाजवून दाखवलं. माझं “हॅलो हॅलो” सुरू झालं. तो म्हणाला, “ह्ये न्हवं. ह्यात माझ्या आयच्या ओव्या हायत्या.”

जावयानं बायकोच्या हट्टापायी म्हातारीला जात्यापाशी बसवून त्याच्याजवळच्या दुसऱ्या टेपवर ओव्या भरून घेतल्या होत्या. म्हातारी श्रावणात गेली होती. कॅसेट एकच.

मी गळाठलो. बंद करायला हात पुढं केला तर त्यानं माझा हात धरला. “चालू द्या,” म्हणाला. तो खाली फरशीवर बसला आणि माझं सगळं ऐकत राहिला. नाव, गाव, शिट्टी, रस्त्यावरच्या टांग्याची घंटी. तीन मिनिटांच्या वर झालं. मग खट्ट झालं आणि एका ओवीच्या मधूनच म्हातारीचा आवाज आला. मागं जात्याची घरघर. तो म्हणाला, “एवढं ऱ्हायलं न्हवं. बास.” उठला, कनवटीचे बारा रुपये काढले. चाचांनी ते घेतले नाहीत. मला रागावलेही नाहीत. एक चिमटा घेतला, त्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके प्लास्टिकचे दात मोडून टाकले आणि मला दाखवून म्हणाले, “हे मोडलं की लाल बटण दाबत नाही.” मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण मी कान न लावता हात लावला होता.

तेव्हापासून माझ्या दुकानात कॅसेट आली की टेप बघायच्या आधी मी तिचे दात बघतो. शाबूत असले तर विचारून मोडतो. लोकांना गंमत वाटते.

१९८४ ला मी तालुक्याच्या गावी स्वतःचं दुकान टाकलं. पत्र्याचा गाळा, चाचांनी दिलेलं एक टेबल आणि आईचा मल्टिमीटर. तात्या तोवर मुंबई सोडून आले होते. जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तात्यांसारखे हजारो लोक पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. ते रोज माझ्या दुकानात येऊन बसायचे. गिऱ्हाइकाशी मुंबईच्या बोलीत बोलायचे, पावत्या लिहायचे. उलट्या डोक्याचा मर्फी मी पहिल्याच आठवड्यात सरळ केला, तर आण्णा नाराज झाले. म्हणाले, “सवय झाली व्हती.”

ते दिवस भरभराटीचे होते हे कबूल केलं पाहिजे. स्वस्त कॅसेटी आल्या, घरोघरी टेप आले. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं लागली नाहीत असं घर नव्हतं. मी पुण्याला बुधवार पेठेत जाऊन सुटे भाग आणायचो; पहाटेच्या एसटीनं जायचं, तापकीर गल्लीत पिशवी भरायची, रात्री परत. टीबीए ८१० चा आयसी, पुढं ४४४०. ह्या चव्वेचाळीस-चाळीसनं आमच्या पिढीच्या मेकॅनिकांची लग्नं लावून दिली म्हणाल तर खोटं नाही. बारा व्होल्टवर चालतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही, आणि स्वच्छ वाजतो. पेटीवर मात्र लोकांना “२००० वॅट पीएमपीओ” असं लिहिलेलं लागायचं. आतून दहा-बारा वॅट निघायचे. मी दहाच लिहायचो. दोन गल्ल्या पलीकडचा माझ्यापेक्षा दुप्पट विकायचा.

माझा जीव मोठ्या आवाजात नव्हता, घरातल्या आवाजात होता. सोप्यात दहा माणसं बसून ऐकतील आणि शेजारची म्हैस दचकणार नाही, एवढाच. लाकडाच्या पेट्या करून बघितल्या. बाभळीची फळी वाकायची, आंब्याची भिरूड खायचं. शेवटी जाड बोर्ड आणून सुताराकडून कापून घेतला. पेटीतही माठासारखीच खोड निघाली: एखाद्या सुराला पेटी स्वतःच घुमायची, गाणाऱ्याच्या वर. कापूस भरला, काथ्या भरला. एके दिवशी आण्णांच्या ओळखीचे धनगर दुकानात येऊन बसले होते, खांद्यावर घोंगडं. मी बोलता बोलता ते घोंगडं स्पीकरमागं कोंबलं आणि घुमणं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून कातरलेली लोकर आणली, धुऊन, पिंजून पेटीत सैलसर भरली. पुष्कळ वर्षांनी एका मासिकात वाचलं की परदेशातले नामांकित पेट्या करणारेही मेंढीची लोकर वापरतात. मला मोठा आनंद झाला, पण धनगरांना सांगितलं तर म्हणाले, “मग? त्येंच्याकडं मेंढरं न्हाईत व्हय?”

पहिली जोडी हायस्कूलच्या एका मास्तरांनी घेतली. भीमसेनजी ऐकायला. हप्त्यानं पैसे दिले, दोन वर्षं. ती जोडी अजून वाजते. कागद दोनदा बदललाय, लोकर तीच आहे.

पुढचं पटकन सांगतो, कारण सांगण्यासारखं कमी आहे. २००५ नंतर हा धंदा बसला. पाच पेट्यांचे तयार संच स्वस्तात यायला लागले, बिघडले की टाकून द्यायचे. मग गाणी मोबाइलमध्येच शिरली. वरातीचे डीजेवाले मला बोलवायचे. एकाचं काम घेतलं, भिंतीएवढ्या पेट्यांपुढं उभा राहिलो तेव्हा पोटातली आतडी हलली, आणि शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडताना दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. पैसे चांगले होते. पुन्हा गेलो नाही. हा माझा मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण त्या वर्षी घर चालवलं ते बायकोनं. तिनं दुकानाच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी टाकली होती. मी मोबाइलचे चार्जर जोडत बसायचो आणि पलीकडून पीठ माझ्या टेबलावर येऊन बसायचं.

मग उलटं चक्र फिरलं. पुण्याची, सांगलीची, कोल्हापूरची माणसं आजोबांचे व्हॉल्व्हचे रेडिओ घेऊन यायला लागली. माळ्यावर चाळीस वर्षं पडलेले, आत उंदरांची घरटी. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ हे नंबर ज्याला पाठ आहेत असा माणूस त्यांना कुणीतरी सांगितलेला असायचा. मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी व्हॉल्व्ह शोधायला लागलो. कागदी कंडेन्सर सगळे बदलायचे, दाब हळूहळू चढवायचा, एकदम नाही. म्हातारं माणूस झोपेतून उठवतो तसं. पहिल्यांदा काचेत लाल तार दिसते, वीस-पंचवीस सेकंद काहीच होत नाही, आणि मग आवाज खोलीत येतो. गिऱ्हाईक त्या पंचवीस सेकंदांत माझ्याकडं बघत असतं. लहान अँप्लिफायर आणि लोकर भरलेल्या पेट्यांचीही मागणी आली. आज साठी उलटली तरी माझ्याकडं सहा महिन्यांचं काम आहे. आण्णा हे बघायला राहिले नाहीत. आई आहे. तिला आता कमी ऐकू येतं.

२०१६ च्या दिवाळीनंतर एक म्हातारा नातवाला घेऊन दुकानात आला. धोतर, हातात पिशवी. पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. “ही मोबाइलात भरून मिळंल का म्हनं?” मी सवयीनं पाठ बघितली. दोन्ही दात मोडलेले. मोडलेल्या कडा चिमट्यानं ओढल्यासारख्या. तरी मला लगेच उमगलं नाही. “काय आहे हिच्यात?” म्हटलं. म्हणाला, “आयच्या ओव्या हायत्या. सुरवातीला एक येडं पोरगं बोलतंय, ते सोडून द्या.”

मी त्याला ओळख दिली नाही. तोंडच उघडेना.

कॅसेटच्या आतली गादी निखळली होती, टेप एका कडेला चुरगळलेला. दोन्ही चकत्या काढून नव्या डब्यात बसवल्या. चांगल्या डेकवर लावलं, संगणकाला जोडलं. शेजारी गिरणीची घरघर चालू होती. बायकोला म्हटलं, पंधरा मिनिटं बंद कर. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन दारात आल्या.

म्हातारीचा आवाज आला तो मुका, घोंगडीआडून आल्यासारखा. हेडचा स्क्रू केसभर फिरवला तसा उघडत गेला. आधी जात्याची घरघर सुटी झाली, मग बांगड्या, मग शब्दाच्या शेवटाचा श्वास. दारातली एक आजीबाई म्हणाली, “जात्यावर बसलीय जणू इथंच.” म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून होता. पण तिच्यासाठी स्क्रू जुळला की माझं “हॅलो हॅलो” मुकं व्हायचं, आणि माझ्यासाठी जुळवला की म्हातारी मुकी. तिचं भरलं होतं जावयाच्या टेपवर, माझं भरलं होतं मी बसवलेल्या नव्या हेडवर. एका फितीवर दोन वाकड्या रेषा. मी तिची धरली.

भरून झाल्यावर म्हटलं, “बाबा, ते पोरगं काढून टाकू का? सुरुवात ओवीपासून होईल.”

तो जरा वेळ गप्प राहिला. “नगं,” म्हणाला. “ऱ्हाऊंद्या. घरातली पोरंबाळं त्येच ऐकत आल्यात. पोरगं शिट्टी मारतंय, मग घंटी वाजती, मग आजी. न्हाई वाजलं तर चुकल्यावानी वाटंल.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “तुमाला तरी काय, बरं बोलत व्हता की तवा.”

त्यानं दारातून आत येतानाच ओळखलं होतं.

पैसे मी घेतले नाहीत. ते दोघं एसटीला गेले. कॅसेट त्यानं माझ्याकडंच ठेवली, म्हणाला, घरात उंदरं हायत. बाया दळणासाठी खोळंबल्या होत्या तरी मी गिरणी सुरू करू दिली नाही. टेप पहिल्यापासून लावला आणि स्क्रू या वेळी माझ्या बाजूनं फिरवला. माझं नाव, माझं गाव, शिट्टी. टांग्याची घंटी. मग चपलांचा आवाज, कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि लांबून चाचा: “बेटा, चाय ले. ठंडी होऊन ऱ्हाईली.”

चाचा १९९३ ला गेले. फोटो आहे एक त्यांचा, लग्नातला, त्यात डोळे मिटलेत. दुसरं माझ्याकडं काही नाही.

बायको दारातून म्हणाली, “सुरू करू का आता?”

“थांब जरा,” म्हटलं आणि टेप पुन्हा मागं घेतला.